जादा ताट, पंधरा गुण

२ मे, गुरुवार

डॉक्टरांनी सांगितलं, रोज रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. म्हणून ही वही. एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. लिहिलं. आता पानाचा उरलेला भाग कोरा ठेवणं माझ्याच्याने होणार आहे का? सव्वीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवतोय. कोरी जागा दिसली की हात शिवशिवतो.

परवापासून पेपरतपासणी. आज केंद्रावर जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करून आलो : ‘माझा कोणीही नातलग या परीक्षेस बसलेला नाही.’ दरवर्षी करतो, वाचायचीही गरज पडत नाही. नातलगांत परीक्षेच्या वयाचं उरलंय कोण? मुलगी नोकरीला परगावी. घरात आम्ही तिघं : मी, ही (शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वादात तिच्यापुढे टिकाव लागत नाही) आणि वहिनी. दादाला जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्यापासून एकत्रच राहतो, तरी वहिनी आमच्याकडे असतात असं मी लोकांना सांगतो. घर त्या चालवतात, तेव्हा खरं म्हणजे आम्हीच त्यांच्याकडे असतो.

दुसरी बातमी. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव जवळजवळ नक्की आहे. नेमणूक होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. आतापर्यंत फक्त चौघांना सांगितलं.

४ मे, शनिवार

आज बहिःस्थांचे पेपर होते, म्हणजे कॉलेजात न येता घरी अभ्यास करून परीक्षा देणाऱ्यांचे. उत्तरपत्रिकेवरचा नावाचा भाग चिकटवलेला असतो, वर नुसता आकडा. माणूस बारावा की बाविसावा एवढंच आपल्याला कळतं.

मला वेळ लागत नाही. सगळे माझ्याच मार्गदर्शिकेतून लिहितात. तिसरी आवृत्ती संपत आली आहे. या वर्षी पंधरा गुणांचा प्रश्न त्या जादा ताटाच्या गोष्टीवर होता. मुलगा समुद्रावर गेलेला, परत आलेला नाही, आणि आई रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक ताट जास्त मांडते. ‘ताटाचे महत्त्व स्पष्ट करा.’ मार्गदर्शिकेत पान एकसष्टवर पाच मुद्दे आहेत : आशा, मातृत्व, काळ, समुद्र, श्रद्धा. मुद्दा दिसला की बरोबरची खूण. पाच खुणा, बारा गुण. अक्षर चांगलं असेल तर तेरा.

दुपारी एक उत्तरपत्रिका आली, तिच्यात एकही मुद्दा नाही. इंग्रजी मोडकंतोडकं, काळ इकडचे तिकडे गेलेले. पण वाचून मी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे उतरवून घेतलं. नियमात बसत नाही, पण घेतलं. मराठीत आणलं तर असं होईल :

‘सगळे म्हणतात आई वाट बघते. असं लिहिणाऱ्यांनी रोजची ताटं कधी मांडली नसावीत. वीस वर्षं चार ताटं काढणारा हात एकदम तीन काढत नाही. ताट काढताना ती काहीच विचार करत नाही. मग तिला कळतं, आणि ती ते ताट परत ठेवते. ठेवताना भांड्याचा आवाज होऊ देत नाही, कारण घरातल्या बाकीच्यांना कळायला नको. गोष्टीत ते परत ठेवणं लेखकाने एका ओळीत लिहिलं आहे. सगळं त्या ओळीत आहे.’

ती ओळ गोष्टीत आहे हे मला आठवेना. बारा वर्षं शिकवतोय ही गोष्ट.

पाचपैकी एकही मुद्दा नाही म्हटल्यावर गुण कुठून द्यायचे? पंधरापैकी एक दिला. एकूण बेरीज छत्तीस. पास व्हायला चाळीस लागतात. पुढची उत्तरपत्रिका घेतली.

५ मे, रविवार

रविवारची आमची बैठक. सात वर्षं चालू आहे. आमच्या पुढच्या खोलीत सकाळी दहाला आळीतले आठ-दहा जण जमतात, मी त्यांना काहीतरी वाचून दाखवतो आणि समजावून सांगतो. फुकट. रिटायर झालेले पोस्टमास्तर, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, कॉलेजची दोन-तीन पोरं. वहिनी चहा आणतात आणि परत आत न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहतात. चौकटीला टेकून, खांद्यावर फडकं. कितीदा म्हटलं, वहिनी, बसा ना. ‘कुकर लावलाय,’ म्हणतात. सात वर्षं कुकर लागलेलाच आहे.

आज गंमत म्हणून ती चिठ्ठी वाचून दाखवली. जरा नाटकी वाचली हे कबूल करतो. ‘असं लिहिणाऱ्यांनी ताटं मांडली नसावीत’ या वाक्यावर पोरं खो-खो हसली, कारण मार्गदर्शिकेत तसं लिहिणारा मीच समोर बसलो होतो.

पोस्टमास्तर म्हणाले, “तुम्हाला चांगलाच घरचा आहेर दिलाय हो, सर.”

“घरचा कुठला? लष्करातून रिटायर झालेला कुणी असणार,” मी म्हटलं. “अशी वाक्यं तोडणारा.”

शिंपीणबाई हसल्या नाहीत. “पण त्याचं बरोबर आहे की,” म्हणाल्या. “मी अजून मालकांच्या मापाचं कापड वेगळं काढते आणि मग परत गठ्ठ्यात टाकते. त्यात कसली आलीये आशा?”

तेवढ्यात दारातून वहिनींनी विचारलं, “मग किती मार्क दिलेत, भावोजी?”

बैठकीत त्या कधी बोलत नाहीत. मला बरं वाटलं. “एक,” मी सांगितलं.

“पंधरापैकी?”

“पंधरापैकी.”

“एक कशाबद्दल दिला?”

“शाई खर्च केल्याबद्दल!”

सगळे हसले. वहिनींनी कप गोळा केले. पोस्टमास्तरांचा अर्धा भरलेला कपही उचलून नेला, ते ‘अहो, अहो’ करत राहिले. वहिनींचं लक्ष हल्ली थाऱ्यावर नसतं. गुडघे दुखतात म्हणून मार्चमध्ये सहा वेळा सकाळी डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्याचंच असेल.

रात्री जेवताना ही माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, “काही नाही. गणित सुटत नाहीये एक.”

७ मे, मंगळवार

हा माणूस डोक्यातून जात नाही. उत्तरपत्रिका आठवून आठवून मी त्याची कुंडली मांडतोय.

एक : आकड्यांतल्या सातला मध्ये आडवी रेघ. जुन्या शाळेत शिकलेला. दोन : पानाच्या खालच्या कोपऱ्याला तेलकट अंगठ्याचा पुसट ठसा. मेकॅनिक? प्रेसमधला कामगार? तीन : पुरवणी शिवायला दोरा मिळतो, त्याची गाठ आत वळवून टोक लपवलेलं. इतकी नीट गाठ मी आजवर पाहिली नाही. कोळी असेल? जहाजावरचा खलाशी! म्हणूनच समुद्राच्या गोष्टीबद्दल एवढा अधिकाराने बोलतोय.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. ही म्हणाली, “खलाशी ताटं मांडतात वाटतं रोज?”

“जहाजावर स्वयंपाकी असतो,” मी म्हटलं.

वहिनींना ठसका लागला. पाणी दिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठसका, की हसत होत्या, कुणास ठाऊक.

९ मे, गुरुवार

आज एक गोष्ट पाहिली, ती नीट लिहून ठेवतो.

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत टेबलाशी बसलो होतो. वहिनी ताटं काढत होत्या. रॅकमधून चार काढली. मांडायला वळल्या, थांबल्या. मग एक ताट उचललं, पदराखाली धरावं तसं अंगाशी धरलं आणि रॅकमध्ये परत ठेवलं. ठेवताना खालच्या ताटाला दुसऱ्या हाताने आधार दिला. आवाज झाला नाही.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. दिवसातून दोनदा हे माझ्या समोर होत असणार. मी पेपर वाचत असतो.

जेवण गेलं नाही. रक्तदाब लिहीत नाही, डॉक्टर घाबरतील.

नंतर ती गोष्ट काढून वाचली. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ती ओळ आहे. ‘तिने ताट परत ठेवले, हलकेच.’ एवढीच. माझ्या पाच मुद्द्यांत ती नाही. मार्गदर्शिका लिहिताना मी गोष्ट पुन्हा वाचली होती का? मला वाटतं, जुन्या वहीतल्या नोट्स पाहून लिहिली होती, आणि त्या नोट्स माझ्या सरांनी मला दिलेल्या होत्या.

खलाशी बरोबर होता. मी त्याला नापास केलंय.

१० मे, शुक्रवार

केंद्रप्रमुखांना भेटलो. रसायनशास्त्राच्या बाई आहेत. बोलायला मोजक्या, चुकीला माफी नाही अशातल्या. विचारलं, परीक्षकाला स्वतःची चूक लक्षात आली तर?

“निकाल लागायच्या आत लेखी द्यायचं. उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकाकडे जाते. पण सर, कारण लिहावं लागतं.”

“कारण सरळ आहे. मी गोष्टीशी ताडून पाहायच्या ऐवजी माझ्या नोट्सशी ताडून पाहिलं.”

त्यांनी चष्मा काढला. “असं लिहिलंत, तर कुणीही विचारेल की याआधी किती पेपर असे तपासलेत. अध्यक्षपदाची यादी पुढच्या आठवड्यात निघतेय. एका बहिःस्थासाठी एवढं?”

विचार करून सांगतो म्हणून बाहेर आलो. जिन्यात हिशेब केला. वर्षाला साधारण चारशे, गुणिले सव्वीस. पुढे केला नाही.

मला अध्यक्ष व्हायचंय. हे इथे तरी खरं लिहितो. खूप व्हायचंय. दारावरची पाटी कशी असेल तेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलंय. पितळी.

११ मे, शनिवार

दिलं लिहून. सकाळी उठलो आणि फार विचार करायच्या आत दिलं. बाई म्हणाल्या, “मला वाटलं नव्हतं.” हे कौतुक होतं की काय, कळलं नाही.

घरी आल्यावर छाती फुगवून सांगितलं. ही एकदम खुर्चीवर बसली. आणि वहिनी... मला वाटलं होतं वहिनी म्हणतील, शाबास भावोजी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाहेरच्या परीक्षकाने मार्क वाढवले, आणि तो पेपर देणारा तुमच्या ओळखीचा निघाला तर?” त्यांनी विचारलं.

“तर माझं कल्याणच. नातलग निघाला तर विचारायलाच नको. प्रतिज्ञापत्रावर सही आहे माझी. लोक म्हणतील, आपल्या माणसाला पास करण्यासाठी हे नाटक केलं. सव्वीस वर्षांचं नाव एका दिवसात धुळीला मिळेल.” मग हसून म्हटलं, “पण काळजी करू नका. माझ्या ओळखीत असा विचार करणारं आहे कोण?”

टेबलाखाली हिने माझ्या पायावर पाय मारला. चुकून लागला असेल.

१३ मे, सोमवार

वहिनी सकाळीच डॉक्टरकडे गेल्या. बरोबर फाईल. मी म्हटलं, सोडतो. नको म्हणाल्या. खिडकीतून पाहिलं तर जिना तुरुतुरु उतरल्या आणि रिक्षात बसल्या. गुडघ्यांना औषध चांगलं लागू पडलेलं दिसतंय.

दुपारी परत आल्या, तेव्हा डोळे सुजलेले. विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? “पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले.” गुडघ्यासाठी वर्षभर थांबा म्हणणारा हा कसला डॉक्टर?

१५ मे, बुधवार

केंद्रप्रमुखांचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो.

त्यांनी दार लावून घेतलं. “सर, तुमच्या त्या परीक्षार्थीचा अर्ज आलाय. माझा पेपर रद्द समजा, मी पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. कारण लिहिलंय : परीक्षकांच्या नावाला बट्टा लागू नये.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “परीक्षक कोण आहे हे परीक्षार्थीला कळलं कसं?”

मी त्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. बैठकीत वाचल्याचंही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे त्या खोलीतलंच कुणीतरी. नाव सांगायचा मला अधिकार नाही. एवढं सांगते, बाई आहेत.”

खलाशी गेला! बाहेर पडलो तो सरळ शिंपीणबाईंच्या दुकानात. तेलकट अंगठा म्हणजे मशीनचं तेल, गाठ तर त्यांच्या हातची असणारच, आणि त्या दिवशी हसल्या नव्हत्या त्या एकट्याच. सगळं जुळत होतं.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्ही माझ्यासाठी तुमचं वर्ष वाया घालवू नका.”

त्यांनी मशीन थांबवलं. मी सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कापड उलटं शिवून आणलेल्या माणसाकडे बघावं तशा.

“सर, मी सातवी पास आहे. त्या दिवशी मी हसले नाही हे तुमच्या लक्षात आलं. दारात कोण हसत नव्हतं, ते नाही आलं?”

दुकानातच स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं.

आडव्या रेघेचा सात. आमच्या दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर कितीतरी वर्षं तोच सात आहे.

१६ मे, गुरुवार

काल घरी आलो तेव्हा वहिनी कपडे घड्या करत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. सव्वीस वर्षं बोलण्याचा पगार घेतोय.

“गुडघे दुखत नाहीत ना तुमचे?” एवढंच निघालं.

“नाही,” त्या म्हणाल्या. घडी पूर्ण केली. “कधीच नव्हते दुखत.”

मग सांगितलं. लग्नामुळे कॉलेजचं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. दादा गेल्यावर दुपारी काय करायचं कळेना. सात वर्षं दाराशी उभं राहून ऐकत होत्या, तेव्हा विषय इंग्रजीच घेतला. फॉर्म हिने भरून दिला, फोटोही हिनेच काढला. बाकीचे सगळे पेपर चांगले गेलेत. अडकला तो हाच.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं की. बारा वर्षांपूर्वी. भावोजी, मला इंग्रजी शिकवाल का म्हणून.”

आठवलं. मी म्हटलं होतं, वहिनी, सही करता येते ना इंग्रजीत? मग आता कशाला डोक्याला ताप! दादाही हसला होता. आम्ही दोघं हसलो होतो.

मी माफी मागितली. रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. त्या म्हणाल्या, “अहो, रडू नका, तुमचा रक्तदाब वाढेल. मी पुढच्या वर्षी बसेन. एका वर्षाने काय होतंय? तुमचं अध्यक्षपद एकदा गेलं की परत येणार नाही.”

“आणि तुमचा तो पेपर?”

“रद्द. झालं ते झालं.”

ही आतून ओरडली, “ते ऐकणार नाहीत. आणि ऐकलंत,” हे मला, “तर मी माहेरी जाईन.” माहेरी तिचं कुणी राहिलेलं नाही, पण मुद्दा कळला.

रात्रभर झोप नाही. वहिनींनी अर्ज मागे घेतला नाही, तर मी सुटतो. कुणाला काही कळणार नाही, पाटी पितळीच लागेल. हे मला अजूनही आवडतंय. त्याची भीती वाटली.

१७ मे, शुक्रवार

सकाळी वहिनींना म्हटलं, चला. कुठे विचारलं नाही, चपला घातल्या.

केंद्रप्रमुखांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. पहिला वहिनींचा, रद्द करण्याचा अर्ज मागे घेतल्याचा. रिक्षात आमचं त्यावरून भांडण झालं, रिक्षावाल्याने माझी बाजू घेतली, तेव्हा कुठे सही मिळाली. दुसरा माझा : ज्या परीक्षार्थीचा पेपर मी तपासला, त्या माझ्या सख्ख्या वहिनी आहेत. मला ठाऊक नव्हतं. सही करण्याआधी घरात विचारायला हवं होतं, ते केलं नाही. पूर्ण पेपर बाहेरच्या परीक्षकाकडून तपासावा आणि माझं नाव अध्यक्षपदाच्या यादीतून काढावं.

बाईंनी दोन्ही वाचले. मग एक छापील फॉर्म पुढे केला. परीक्षकाशी नातं, किती वर्षं एका घरात राहता, वगैरे. मी भरभर भरू लागलो. ‘परीक्षार्थीचे संपूर्ण नाव’ इथे दादाचं नाव, आमचं आडनाव लिहिलं.

“हे नाही,” बाई म्हणाल्या. “नोंदणी लग्नाआधीची आहे. माहेरचं नाव हवं.”

पेन तसंच राहिलं. अठ्ठावीस वर्षं. लग्नाच्या पत्रिका मी स्वतः वाटल्या होत्या. दोन आठवडे हा परीक्षार्थी कोण, कोण म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि आता तो शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि मला त्याचं नाव येत नव्हतं.

वहिनींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. मी वाचलं. छान नाव आहे. त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

१४ जून, शुक्रवार

अध्यक्ष झाले दुसरेच. मला दोन वर्षं पेपरतपासणी बंद. कॉलेजात काही जण माझ्याशी जपून बोलतात, काही जण मुद्दाम मोठ्याने. विभागातल्या एका धाकट्या सहकारी बाईंनी फक्त विचारलं, “ती ओळ कोणती, सर? माझ्याही वर्गात कुणाला दिसली नव्हती.”

आज वहिनींचा निकाल आला. दोघींनी मिळून पाकीट उघडलं, मी दाराशी उभा होतो. बाकीचे पेपर सुटलेले. या पेपरात :

अडतीस.

पंधरा गुणांच्या प्रश्नाला तीन. खाली परीक्षकाचा शेरा टाईप केलेला होता : ‘उत्तर प्रमाण मार्गदर्शिकेतील मुद्द्यांना धरून नाही.’

माझीच मार्गदर्शिका. पान एकसष्ट. बाहेरच्या परीक्षकाने ती समोर ठेवूनच तपासलं असणार, मी तपासायचो तसंच. एकदा मी नापास केलं आणि दुसऱ्यांदाही मीच.

हिने बेरीज पुन्हा करून पाहिली. मग वहिनी म्हणाल्या, “दोनने वाढले की.” आणि हसायला लागल्या. हिला रडू आलं.

१६ जून, रविवार

आज बैठक घेतली नाही. लोकांना सांगितलं, बरं नाही. चहा मी केला. वाईट झाला होता, तिघांनी प्यायला.

वहिनींनी विचारलं, “नापास झालेल्यांना ऑक्टोबरला बसता येतं, मी पुन्हा बसतेय. एक सांगा भावोजी, तोच प्रश्न आला तर काय लिहू? तुमचे पाच मुद्दे लिहू, की माझं लिहू?”

एवढा सरळ प्रश्न मला सव्वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. तुमचं लिहा म्हणावं, तर त्यांची पदवी जाते. माझं लिहा म्हणावं, तर मग मी केलं तरी काय?

“ऑक्टोबरच्या आत पान एकसष्ट बदलतो,” मी म्हटलं. “चौथी आवृत्ती काढायचीच आहे. तुमचं उत्तर तिथे घालतो. जसंच्या तसं. मग कुणाची बिशाद आहे तुम्हाला नापास करायची!”

मला वाटलं, तोडगा नामी आहे. वहिनींनी कप खाली ठेवला.

“म्हणजे आता पोरांनी माझं पाठ करायचं?”

मी माझ्या कपातली साय काढू लागलो.

“एखादीला त्या ताटात तिसरंच काही दिसलं तर? तिला कोण पास करणार? मी?”

हिने माझ्याकडे पाहिलं. गणितवाल्यांना उत्तर आधीच दिसतं, तशी.

दुपारी प्रकाशकाला पत्र लिहिलं. चौथी आवृत्ती काढू नये, तिसरीच्या उरलेल्या प्रती परत मागवाव्यात. लिहायला तीन तास लागले, कारण मधेमधे मी ती मार्गदर्शिका चाळत होतो. कव्हरवर माझं नाव किती मोठ्या अक्षरात आहे! सही करताना एखादं पाळलेलं जनावर सोडून द्यावं तसं झालं. मग मंडळाला दुसरं पत्र : कोणतीही मार्गदर्शिका प्रमाण मानून तपासणी होऊ नये. ते किती मनावर घेतील कुणास ठाऊक. आणि ऑक्टोबरच्या आत घेतील का, हे त्याहून कुणास ठाऊक.

दोन्ही पत्रं वहिनींना वाचायला दिली. त्यांनी सावकाश वाचली. दुसऱ्या पत्रातलं एक वाक्य फार लांब झालंय म्हणून दाखवलं. खरंच झालं होतं.

“मग मार्गदर्शिका नसली,” त्यांनी विचारलं, “तर पोरं वाचणार काय?”

“गोष्ट,” मी म्हटलं.

त्यांनी पत्रांची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, “बघा, त्यांना जमेल. तुम्हाला अवघड जाईल.”